साखरेची पुडी

आमच्या प्रशालेच्या मैदानाच्या फाटकावर एक फलक आहे. "मैदानावर खाण्याचे पदार्थ आणूं नयेत" हीं अक्षरें त्यावर अकरा वर्षें होतीं. तो फलक आम्हींच लिहविला होता व त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. वेफर्सच्या पिशव्या, आइस्क्रीमच्या काड्या व शेंगांचीं टरफलें वेंचतां वेंचतां शिपाईमामांची कंबर मोडत असे. शिवाय खेळाच्या वेळीं खेळ आणि खाण्याच्या वेळीं खाणें, अशी शिस्त आम्हांस लहानपणीं वसतिगृहांत लागली होती. नियम चांगला होता. ज्या एका मुलास तो जाचक होणार होता, तो त्या वेळीं पाळण्यांत होता, इतकेंच.

तो मुलगा आतां नववींत आहे. त्याच्या व त्याच्या मातुःश्रींच्या संमतीनें हें लिहीत आहों. नांव देत नाहीं. त्याच्या वर्गबंधूंस तें ठाऊक आहेच, इतरांस त्याची गरज नाहीं.

डिसेंबर २०२३ मधील गोष्ट. लाल व निळ्या गटांचा हॉकीचा सामना चालला होता. हा मुलगा तेव्हां सातवींत होता व त्याच वर्षीं जूनमध्यें आमच्या शाळेंत आला होता. सेंटर हाफच्या जागीं तो खेळे, आणि वयाच्या मानानें फार शहाणपणानें खेळे. उत्तरार्धांत मात्र त्याचें कांहीं भलतेंच होऊं लागलें. सरळ आलेला चेंडू त्यानें प्रतिपक्षाच्या गड्यास दिला; थोड्या वेळानें पुन्हां दिला. पंच आम्हीच होतों. आम्ही ओरडलों. त्यानें वळून असें कांहीं उत्तर दिलें कीं, तें येथें छापण्याजोगें नाहीं. असा उद्धटपणा त्याच्या तोंडून पूर्वीं कधीं ऐकला नव्हता. परंतु असें कां व्हावें हा प्रश्न त्या क्षणीं आमच्या मनांत आला नाहीं, ह्यास शिक्षा काय द्यावी हा मात्र तत्काळ आला. आम्हीं त्यास मैदानाबाहेर जाऊन उभें राहण्यास सांगितलें. तो निघाला, आणि रेषेपाशीं पोहोंचण्यापूर्वींच मटकन् खालीं बसला. चेहरा पांढरा पडलेला, हात कांपताहेत, थंडीचे दिवस असून सदरा घामानें भिजलेला.

"सर, साखर! त्याला साखर द्या!" असें ओरडत विरुद्ध पक्षाचा गोलकीपर, पायांस पॅड बांधलेले तसेच, चहाच्या खोलीकडे धांवत सुटला. शिपाईमामांचा साखरेचा डबा आला. चार चमचे साखर पाण्यांत ढवळून त्या पोरानें पेला मित्राच्या ओठांशीं धरला. मित्र शुद्धीवर होता व आपण होऊन पिऊं शकला, ही देवाची कृपा. दहा-बारा मिनिटांनीं त्याच्या गालांवर रंग आला. इकडे तिकडे पाहून त्यानें विचारलें, "सर, स्कोअर काय झाला?" आपण आम्हांस काय बोललों ह्याची त्यास आठवणही नव्हती.

त्याच्या दप्तरांत ग्लुकोजची पुडी होती. दप्तर फाटकाबाहेर, आमच्या फलकाखालीं ठेविलें होतें.

त्या सायंकाळीं आम्हीं कपाटांतील कागद काढून पाहिले. आपल्या मुलास पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, तो दिवसांतून चार वेळां इन्सुलिन टोंचून घेतो, खेळतांना त्याजवळ साखर असूं द्यावी, असें मातुःश्रींनीं प्रवेशाच्या वेळींच लिहून दिलें होतें. पत्राच्या कोपऱ्यावर 'पाहिलें' असा शेरा होता व खालीं आमचीच सही होती. एका बांकावर बसणाऱ्या गोलकीपरला जें ठाऊक होतें, तें आम्हीं वाचून, सही करून, विसरून टाकलें होतें.

आणि आम्ही जीवशास्त्र शिकवितों! स्वादुपिंडाची आकृति रंगीत खडूंनीं काढण्यांत ह्या शाळेंत आमचा हात कोणी धरणार नाहीं. टोरांटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट ह्यांनीं इन्सुलिनचा शोध कसा लाविला, जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तें प्रथम कसें टोंचलें, आणि तो कसा वांचला, ही कथा आम्ही दरवर्षीं रंगवून सांगतों. मुलें टाळ्याही वाजवितात. त्याच वयाच्या आसपासचा दुसरा एक मुलगा समोर कांपूं लागला, तेव्हां आम्हीं शिट्टी फुंकली.

दुसरे दिवशीं मातुःश्री भेटावयास आल्या. त्या शिवणकाम करून घर चालवितात. रागावून आल्या असत्या तर आम्हांस सोपें गेलें असतें. त्या एक वही घेऊन आल्या. खुर्चीवर बसण्यापूर्वींच त्यांनीं विचारलें, "सर, तुम्ही त्याला खेळांतून काढणार नाहीं ना?"

आम्ही नेमके तेंच ठरवून बसलों होतों. रात्रभर विचार करून आम्हांस तोच मार्ग निर्धोक वाटला होता: त्यास गुणलेखकाचें काम द्यावें, सांवलींत खुर्ची द्यावी, म्हणजे पुन्हां असा प्रसंग नको. बाईंनीं तें आमच्या चेहऱ्यावर वाचलें असावें. त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, खेळ त्याला हवाच आहे. फक्त खिसा रिकामा नको."

मग वही उघडून त्यांनीं आम्हांस जें शिकविलें, तें आमच्या पदवीच्या अभ्यासांत नव्हतें. निरोगी मनुष्य धांवूं लागला कीं, त्याचें स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करतें व यकृत आपल्या सांठ्यांतील साखर रक्तांत सोडतें. स्नायू साखर ओढतात, यकृत ती पुरवितें, आणि तोल राहतो. टोंचून घेतलेलें इन्सुलिन मात्र कोणाचें ऐकत नाहीं. एकदां शरीरांत गेलें कीं तें परत बोलावतां येत नाहीं. एकीकडून तें साखर उतरवितें, दुसरीकडून धांवणारे पाय ती ओढतात. मांडींत टोंचून लगेच धांवलें तर तें आणखीच जलद भिनतें. रक्तांतील साखर डेसिलिटरमागें ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं घाम, कंप, भूक, छातींत धडधड हीं लक्षणें दिसतात. ५४ च्या खालीं गेली कीं मेंदूच उपाशी पडूं लागतो. मग मुलगा चिडतो, भलतें बोलतो, चेंडू भलत्याकडे देतो. त्या उद्धट उत्तराचा अर्थ आम्हांस तेव्हां कळला.

अशा वेळीं काय द्यावें? येथें आमच्या सर्व समजुती चुकीच्या ठरल्या. आम्हीं लागलीच विचारलें, "शेंगदाण्याची चिक्की ठेवूं का? पौष्टिक असते." बाई हंसल्या. चिक्की, चॉकलेट, लाडू ह्यांत स्निग्धांश असतो, त्यामुळें त्यांतील साखर रक्तांत सावकाश उतरते. घर पेटलें असतां विहीर खणण्यासारखें तें आहे. त्या घटकेस हवी साधी ग्लुकोजची भुकटी, नाहींतर साखरेचें पाणी: १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार सपाट चमचे. मग पंधरा मिनिटें स्वस्थ बसावयाचें व पुन्हां तपासावयाचें; अजून ७० च्या खालीं असेल तर तितकेंच पुन्हां. ग्लुकोज बिस्किटाच्या नांवांत ग्लुकोज असलें तरी पोटांत मुख्यतः गव्हाचें पीठच असतें. तें मागाहून खाण्यास ठीक. आणि मुलगा बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडांत पाण्याचा थेंबही घालूं नये, कारण तो श्वासनलिकेंत जातो. त्यास कुशीवर निजवावें व १०८ क्रमांकास फोन करावा. हें वाक्य बाईंनीं आमच्याकडून दोनदां म्हणवून घेतलें.

परंतु खरें कसब साखर पडल्यावर ती वर आणण्यांत नाहीं, पडूं न देण्यांत आहे. खेळापूर्वीं आंकडा १२६ ते १८० च्या दरम्यान असावा. ९० च्या खालीं असेल तर आधीं कांहीं खावें व मगच स्टिक हातीं घ्यावी. २५० च्या वर असून लघवींत कीटोन आढळले तर त्या दिवशीं खेळूं नये. खेळ तासाहून अधिक चालणार असेल तर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर थोडी थोडी पोटांत जावी. एका मध्यम केळ्यांत सुमारें २५ ग्रॅम असते. हे आंकडे सर्वसाधारण आहेत. प्रत्येक मुलाचे त्याच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागतात, आणि इन्सुलिन किती कमी करावें हें तर त्यांनींच सांगावें. आणखी एक चमत्कार असा कीं, अटीतटीच्या सामन्यापूर्वीं साखर उलट चढते. ॲड्रिनलिन नांवाचा स्राव ती चढवितो. तेवढ्यानें घाबरून जादा इन्सुलिन टोंचलें तर ती मागाहून धाडकन् कोसळते.

ज्यांस मधुमेह नाहीं अशा आमच्या धावपटूंनींही ह्यावर हंसूं नये. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १९२४ सालच्या मॅरेथॉननंतर डॉक्टरांनीं धावपटूंचें रक्त तपासलें, तेव्हां जे अगदीं गळून गेले होते त्यांची साखर फार उतरलेली आढळली. पुढील वर्षीं धांवतां धांवतां गोळ्या चघळण्यास दिल्या. साखर टिकली आणि माणसेंही टिकलीं. तसेंच, मधुमेह झाला म्हणजे खेळ संपला असें मानणाऱ्या पालकांस एवढेंच सांगतों कीं, वासिम अक्रम ह्यांस हा विकार १९९७ सालीं जडला, आणि एकदिवसीय सामन्यांतील पांचशेंवा बळी त्यांनीं २००३ च्या विश्वचषकांत घेतला.

जानेवारी २०२५ मध्यें आठवीची सहल सिंहगडास गेली. ह्या वेळीं वहीची एक प्रत आमच्याजवळ होती. आतकरवाडीस पायथ्याशीं त्यानें बोट टोंचलें: १४८. डॉक्टरांच्या सल्ल्यानें सकाळचें इन्सुलिन कमी घेतलें होतें. निम्मी चढण चढून गेल्यावर एका झाडाखालीं त्यानें केळें खाल्लें व लगेच तपासलें, तों यंत्रानें २८७ दाखविले. आमच्या पायांखालची वाट सरकली. तो मात्र शांतपणें म्हणाला, "सर, बोटाला केळं लागलंय." बोट पाण्यानें धुऊन, पुसून पुन्हां टोंचलें: ९६. न धुतां त्या आंकड्यावर विश्वासून इन्सुलिन टोंचलें असतें तर काय झालें असतें, ह्याचा विचार आजही आम्हांस करवत नाहीं. पुणें दरवाज्यापाशीं १२४. गडावर पिठलें-भाकरी व मडक्यांतील दहीं ह्यांवर तो इतरांइतकाच तुटून पडला.

परीक्षेचा प्रसंग उतरतांना आला. अर्ध्या वाटेवर त्यानें आपण होऊन सांगितलें, "सर, हात कांपताहेत." ६६. त्यानें ग्लुकोज घेतलें व दगडावर बसला. पुढें चाळीस मुलें, मागें कलणारा सूर्य, खालीं बसगाडीचा चालक कर्णा वाजवीत असलेला. आणि आम्हांस पंधरा मिनिटें थांबावयाचें! 'साखर खाल्लीस ना, चल आतां हळूहळू' हे शब्द अगदीं जिभेवर आले होते. ते गिळले. इतर मुलांस सहशिक्षकांबरोबर पुढें पाठवून आम्ही दोघे व तो गोलकीपर तेथेंच बसलों. गोलकीपरनें शेंगा सोलून वेळ काढला. पंधरा मिनिटांनीं ८८. मग त्यानें अर्धी चिक्की खाल्ली (तिची वेळ आतां आली होती) आणि आम्ही उतरलों.

एवढ्यानें दिवस संपला असें आम्हांस वाटलें होतें. तिसऱ्या दिवशीं मातुःश्रींनीं सांगितलें कीं, त्या रात्रीं दोन वाजतां त्यांनीं गजर लावून त्याचें बोट टोंचलें, तेव्हां आंकडा ६१ होता. दिवसभर राबलेले स्नायू आपला रिकामा झालेला सांठा रात्रभर भरून काढीत असतात, त्यामुळें साखर कित्येक तासांनींही उतरते, आणि झोंपलेल्या मुलास घाम आलेला कळत नाहीं. त्यांनीं त्यास उठवून ग्लुकोज दिलें, पुन्हां तपासलें, मग दूध-पोळी दिली व पहांटेपर्यंत शिवणयंत्रापाशीं बसून काढली. "सहल छान झाली म्हणत होता," एवढेंच त्या म्हणाल्या. आम्ही त्या रात्रीं गाढ झोंपलों होतों.

फाटकावरील फलक आम्हीं फेब्रुवारी २०२४ मध्येंच बदलविला होता. आतां त्यावर "खाऊचे कागद मैदानावर टाकूं नयेत" असें आहे. ह्याचा लाभ घेऊन सहावींतील दोन महाभागांनीं "सर, आम्हांलाही शुगर आहे" असें सांगून गोलपोस्टमागें समोसे आणले. त्यांस मैदानाच्या पांच फेऱ्या घातल्या. शेंगांचीं टरफलें पूर्वींपेक्षां वाढलीं आहेत व शिपाईमामा आमच्याशीं पूर्वींइतकें बोलत नाहींत.

आम्हीही शिट्टीबरोबर ग्लुकोजची एक पुडी खिशांत बाळगतों. परवां आंतरशालेय सामन्याच्या आरंभीं शिट्टी काढून तोंडाशीं नेली, तों ती वाजेना. पुडी फुटली होती, शिट्टींत ग्लुकोज भरलें होतें, आणि खिशांत मुंग्यांची रांग लागली होती. दोन्ही संघ खोळंबून उभे. आमचा सेंटर हाफ धांवत आला, आणि त्यानें मोज्यांतून आपली पुडी काढून आमच्या हातावर ठेविली. "ही घ्या सर," तो म्हणाला, "माझ्याकडे आणखी दोन आहेत."