आधी मराठी, मग बाकीचं

ती पुण्यात घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी करते. ज्या संगणकावर हे काम शिकली, त्याच्या सी ड्राइव्हमध्ये दोन छोट्या फाइली होत्या : कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएग्झेक डॉट बॅट. बटण दाबल्यावर यंत्र कसं उठणार, हे या फाइलींतल्या मोजक्या ओळी ठरवत. पहिलीत ड्रायव्हरांची नावं, दुसरीत सुरू होताच चालवायच्या आज्ञा. दुसरी फाइल नसली तर डॉस दर वेळी आधी तारीख विचारी, मग वेळ.

खरी ओढाताण मेमरीची. यंत्रात चार मेगाबाइट असले तरी डॉसचे बहुतेक प्रोग्रॅम पहिल्या ६४० किलोबाइटांतच चालत आणि माउसचा, सीडीचा ड्रायव्हरही त्याच जागेत ठाण मांडून बसे. १९९१ साली आलेल्या डॉस ५ने ही कोंडी बरीच सोडवली. हायमेम आणि ईएमएम-३८६ हे मेमरीचे ड्रायव्हर आधी चढवले की ६४० किलोबाइट ते एक मेगाबाइट यांच्या मधल्या रिकाम्या जागांत बाकीचे ड्रायव्हर नेता येत. त्यासाठी ओळीच्या सुरुवातीला डिव्हाइसहाय किंवा लोडहाय लिहायचं. पण क्रमाला फार महत्त्व होतं. काही ड्रायव्हरांना चढताना जास्त जागा लागते आणि बसल्यावर कमी पुरते, म्हणून त्यांना पुढे घ्यायचं. एसटीत मोठ्या ट्रंका आधी चढवतात तसं. ती एक ओळ हलवायची, यंत्र पुन्हा सुरू करायची आणि ‘मेम’ टाइप करून किती किलोबाइट मोकळे झाले ते बघायची. दोन-तीन किलोबाइट वाढले तरी तिला मनापासून आनंद व्हायचा, आणि तो योग्यच होता. आपण लिहिलेलं यंत्र ऐकतं, याचा इतका थेट पुरावा पुढच्या कुठल्याच संगणकाने तिला दिला नाही.

१९९३च्या डॉस ६ने आणखी एक सोय दिली. सुरू होताना एफ-८ दाबलं की कॉन्फिग डॉट सिसमधली प्रत्येक ओळ चालवू का, असं विचारलं जाई. त्या कळीने तिची भीड चेपली.

वहीची सवय याच काळातली. फाइलीत काही बदललं की वहीत तारीख, बदललेली ओळ आणि पुढे कारण. कारण लिहिणं महत्त्वाचं, असं तिचं ठाम मत आहे. ओळ पुन्हा शोधता येते. ती का लिहिली, हे वर्षभराने कुणालाच आठवत नाही. पुढे लिनक्स वापरायला लागल्यावर तिला हेच वेगळ्या रूपात भेटलं. तिथे बॅश-आरसीसारख्या फाइली साध्या मजकुराच्या असतात आणि शेजारच्या ओळीत आपली टीप लिहिता येते. होम फोल्डरसाठी वेगळं पार्टिशन ठेवलं की सगळी प्रणाली नव्याने टाकली तरी त्या तशाच राहतात.

पण वहीतली सर्वांत जास्त पानं मराठीची आहेत. डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणायला पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. ते यंत्राच्या आत बसवावं लागे. विंडोज ९५च्या काळात श्रीलिपी आणि पेजमेकर ही जोडी घरोघरच्या डीटीपीवाल्यांची झाली. तेव्हा भारतीय भाषांच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांबरोबर पॅरलल पोर्टाला लावायचं कुलूप येई. प्रत्येक फाँटचा संकेत वेगळा असल्याने एका घरची फाइल दुसऱ्या घरी उघडली की नुसती चिन्हांची गर्दी. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि सगळ्या फाँटांना एकच संकेत देणारं युनिकोड घरात शिरलं, तेही दार उघडून द्यावं लागलं तेव्हा. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पर्यायांत जायचं, जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करायची, मूळ सीडी घालायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं. त्यानंतरच मंगल फाँटमधली जोडाक्षरं नीट जुळायची. किती घरांत ती खूण कधी केलीच गेली नसेल! मराठी संगणकावर नीट चालत नाही, ही समजूत त्या एका रिकाम्या चौकटीने किती पसरवली, याचा विचार तिला आजही अस्वस्थ करतो.

म्हणून नवं यंत्र आलं की तिचा पहिला तास ठरलेला. आधी भाषा, मग इन्स्क्रिप्ट कळफलक, मग बाकीचं. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. ‘के’च्या कळीवर क, शिफ्टसह ख. बंगाली किंवा तमिळ निवडली तरी क त्याच कळीवर. शिफ्ट आणि ‘जे’ दाबून ऱ येतो का, हे ती आवर्जून तपासते. त्याच्याशिवाय दऱ्यांचा दर्या होतो. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून तेही एकदा टाइप करून बघते. फाँट जुना असला तर तिथे रिकामा चौकोन दिसतो.

नंतर टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी. न विचारता सुरू होणारं जे जे तिथे असेल, ते बंद. यंत्र आता काही सेकंदांत उठतं, पण विंडोज ८पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो. पूर्ण ताजी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्टच करावं लागतं. काही अडलं की घरच्यांना ती हेच सांगते, आणि का तेही सांगते.

गेली काही वर्षं ती जुन्या पुस्तकांच्या फाइली युनिकोडमध्ये आणते आहे. काम किचकट आहे. जुन्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली, पहिली वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. रूपांतर करणारी साधनं बहुतेक मजकूर व्यवस्थित फिरवतात, पण ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होऊन बसतो. त्यामुळे प्रत्येक प्रकरण उघडलं की ती आधी ‘र्या’ आणि ‘र्हा’ शोधते, एकेक तपासते, आणि कुठल्या फाँटने काय बिघडवलं ते वहीत लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळते.