गौताळ्यातील चुलीविना मुक्काम

वाळूजचा बजाज कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगर वसले. पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, गौताळा औट्रमघाट अभयारण्य घोषित झाले. वेरूळ, कन्नडमार्गे ते शनिवार-रविवारच्या सहलीच्या टप्प्यात आहे.

उन्हाळा सरत आला की या डोंगररांगेत वारा सुटतो. साग, सालईची पाने गळून जमिनीवर जाड थर साचलेला असतो. जो वारा थकलेल्या देहाला सुखावतो, तोच एका ठिणगीचा वणवा करतो. म्हणून तंबूच्या मुक्कामात शेकोटी आणि चूल दोन्ही वर्ज्य असावीत. वनविभागाच्या परवानगीने, नेमून दिलेल्या जागीच उतरावे. दशम्या, खाखरे व गाळलेले पाणी घरूनच न्यावे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची घरातील शिस्त येथे आपसूक उपयोगी पडते. रात्री स्वयंपाकाचा जाळ नाही, खरकट्याचा वासही नाही.

2021 मध्ये टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत याच रानात आला. अंधार आणि शांतता हे अशा रानाचे मुद्दल आहे. त्याला धक्का न लावता, दोन दिवसांचा वारा तेवढा व्याज म्हणून घेऊन परतावे.