गालातली पुडी आणि पाचवे शील

आमच्या आंजी (मोठी) गावात पाहुणा आला की आधी पाणी आणि मग खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून पानठेल्यावर पुडी बांधून मिळते. लग्नात खर्रा, मौतीला खर्रा, जयंतीच्या मिरवणुकीत खर्रा. मीही वीस वर्षे खाल्ला, दिवसाला तीन पुड्या. कारकुनाची नोकरी, आकडे जुळेपर्यंत गालात पुडी असायचीच. दारूला कधी शिवलो नाही, याचा मात्र मोठा अभिमान!

गेल्या वर्षी रक्त तपासले. उपाशीपोटीची साखर 118, ट्रायग्लिसराइड नावाची चरबी 262 आणि चांगले कोलेस्टेरॉल 34 निघाले. डॉक्टर म्हणाले, साखर 100 च्या आत व ट्रायग्लिसराइड 150 च्या आत हवे. पुरुषाचे चांगले कोलेस्टेरॉल 40 च्या वर हवे. मी म्हणालो, "आमच्या घरी तेल मोजून वापरतात." त्यांनी तोंड उघडायला सांगितले. तीन बोटेही सरळ आत जाईनात.

खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे आपण ऐकून आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. पण रक्तातल्या चरबीचे कुणी सांगत नाही. तंबाखूतील निकोटिनमुळे शरीरात अॅड्रेनलिन वाढते. साठवलेली चरबी सुटून रक्तात येते आणि यकृत तिचे ट्रायग्लिसराइड बनवते. सुपारीतील अरेकोलीन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, असे प्रयोगांत दिसले आहे.

मला हादरवले ते पुढच्या माहितीने. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुपारी खाऊ घातलेल्या काही उंदरांची साखर बिघडली आणि सुपारी न खाल्लेल्या त्यांच्या पिलांतही तो दोष उतरला. तैवानमध्ये लोक तंबाखूविना सुपारी चघळतात. तेथे 2006 साली बापाच्या सुपारीचा आणि मुलांत लवकर दिसणाऱ्या साखर-चरबीच्या विकारांचा संबंध आढळला. आणि मी तर माझ्या मुलालाच पुडी आणायला पाठवत होतो!

घरी कागद दाखवला. पत्नी म्हणाली, "विहारात पाचवं शील सांगता, अन् गालात खर्रा ठेवता. दारू तेवढीच नशा हाय काय?" मला उत्तर सुचले नाही. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे मीच भाषणात सांगत असे.

राज्यात गुटख्यावर 2012 साली आणि खर्रा, मावा यांवर 2013 साली बंदी आली. पण पुडी मागणारा आहे तोवर ती घोटणाराही राहणारच.

मी सोडला. पहिले पंधरा दिवस डोके दुखे, चिडचिड होई. खिशात बडीशेप ठेवली, पहाटे चालू लागलो. सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड 188, साखर 108. चालण्याचाही त्यात वाटा असेल. तोंड मात्र अजून पुरते उघडत नाही.

धम्मबांधवांनो, दोनच गोष्टी करू या. विहाराच्या बैठकीत खर्रा नको, आणि लेकराच्या हाती पुडीचे पैसे नकोत. चाळिशी उलटलेल्यांनी उपाशीपोटी रक्त तपासावे.

जयभीम!