माजघराचा प्लॅन

सिव्हिलला ॲडमिशन घेतली की घरचे लोक दोन गोष्टी गृहीत धरतात. एक, आता ही पोरगी साईटवर उन्हातान्हात काळी पडणार. आणि दोन, आता घरातलं सगळं बांधकाम फुकटात होणार! कॉम्प्युटरवाल्यांना कसं, प्रत्येक नातेवाईक आपला बंद पडलेला प्रिंटर दाखवतो, अगदी तसंच. त्यामुळे गावचं घर 'जरा नीट करून घेऊ या' असं आमच्याकडे ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी चौथ्या सेमिस्टरला होते. तोपर्यंत मी आयुष्यात एकच घर डिझाइन केलं होतं. ते ड्रॉइंग शीटवर होतं आणि त्यात कोणीच राहणार नव्हतं.

आमचं घर चिपळूण तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मी वाढले ठाण्याला, शाळा कॉन्व्हेंट. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले ठरावीक तास आणि निबंधात 'माझा आवडता ऋतू'. त्यामुळे गावच्या घराचा प्लॅन काढायला बसले तेव्हा पहिली अडचण स्केलची नाही, शब्दांची आली. लिव्हिंग रूम कुठे लिहू? घराला पुढे ओटी आहे, तिच्यामागे माजघर, बाजूला देवघर, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यांत मागे पडवी. न्हाणीघर पडवीच्या टोकाला आणि संडास त्याहून पुढे, पाखाडी उतरून. यातली 'लिव्हिंग रूम' कुठली? म्हणजे लोक राहतात नक्की कुठे? हा प्रश्न तेव्हा मला व्याकरणाचा वाटला होता.

आता 'जरा नीट' करायचं कारण सांगते. गेल्या पावसाळ्यात आजी पाखाडीवर घसरली. हाड मोडलं नाही, नशीब. पण मनगट महिनाभर बांधलेलं होतं आणि ही गोष्ट तिने आम्हाला कळवलीसुद्धा नव्हती. शेजारच्या वहिनींनी फोन केला म्हणून कळलं. त्यानंतर घरात उघडपणे बोललं जायला लागलं की एक तर घर बदला, नाहीतर आजीला ठाण्याला आणा. आमचा ठाण्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. आजी तिथे चार दिवस छान राहते, पाचव्या दिवशी खिडकीत उभी राहून खाली बघत बसते. म्हणजे हा प्लॅन नुसता टाईल्स आणि रंगाचा नव्हता. तो चुकला असता तर आजीचं गाव सुटलं असतं.

दिवाळीत सगळे जमले आणि तीन प्लॅन टेबलावर आले. टेबल म्हणजे ओटीवरचा झोपाळा!

प्लॅन नंबर एक, बाबांचा. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत पाडायची आणि एकच मोठ्ठा हॉल करायचा. सोफा, टीव्ही, सगळं ऐसपैस. प्लॅन नंबर दोन, काकाचा. अख्खं घर पाडायचं आणि आरसीसीत नवं बांधायचं. प्लॅन नंबर तीन, गावातल्या कंत्राटदाराचा. भिंती आहेत तशा ठेवायच्या, कौलं उतरवायची आणि वर स्लॅब टाकायचा. 'एकदा स्लॅब पडला की पावसाळ्यापूर्वी कौलं परतायची कटकट संपली ताई!' हे त्यांचं वाक्य सगळ्यांना फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? दर वर्षी कौलं परतायला माणूस मिळवणं ही खरंच डोकेदुखी आहे.

पण आता गणित बघा. पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण १२५ मिलिमीटर. आरसीसीचं वजन घनमीटरला २५०० किलो. म्हणजे एक चौरस मीटर स्लॅब झाला ३१२ किलोचा. मग मी एक कौल वाण्याच्या काट्यावर ठेवलं, भरलं अडीच किलो. चौरस मीटरला पंधराएक कौलं बसतात, म्हणजे झाले अडतीस किलो. त्यात रीपा, वासे धरून साठ म्हणा. स्लॅब पाचपट जड! आणि खाली भिंती कसल्या, तर चिरे मातीत रचलेले. सिमेंटचा पत्ता नाही. उभं वजन त्या कदाचित पेलतीलही. पण भूकंपाचा धक्का आडवा येतो, आणि डोक्यावर जेवढं वजन जास्त तेवढा तो धक्का मोठा. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला हजारो माणसं गेली, त्याचं एक मोठं कारण हेच की मातीत रचलेल्या दगडी भिंती होत्या आणि त्यावर मातीची जड धाबी होती.

हे मी झोपाळ्यावर बसून सांगत होते तेव्हा आजी आतून बाहेर आली. म्हणाली, "भूकंप मी बघितलाय गो बाय. नवी नवरी होते." तो कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटे सव्वाचारच्या पुढे केव्हातरी. आमच्याकडून कोयना काही फार लांब नाही. घरातले सगळे अंगणात धावले. काही कौलं खाली आली आणि देवघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. ती चीर आजही गिलाव्याखाली आहे, हात फिरवला की लागते. भिंती मात्र उभ्या राहिल्या. "वर हलकं होतं म्हणून वाचलो, असं मामंजी म्हणायचे," आजी म्हणाली. मामंजी म्हणजे माझे पणजोबा. त्यांनी कुठलाही कोड वाचलेला नव्हता.

बाबांची भिंतही त्याच हिशेबात अडकली. ओटी आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीवर माळ्याच्या तुळया टेकल्या आहेत. शिवाय ती घराच्या लांब भिंतींना आडवा आधार देते. अठरा फूट भिंत काढायची तर टेकू लावून लोखंडी आय-सेक्शन घालावं लागेल, आणि त्याच्या दोन्ही टोकांचं वजन पुन्हा मातीतल्या चिऱ्यांवरच येणार. होत नाही असं नाही. पण एवढा खर्च कशासाठी, तर सोफ्यासाठी?

राहिला काकाचा प्लॅन. तो इंजिनिअरिंगच्या दृष्टीने सगळ्यांत सरळ होता. पण त्यात दोन वर्षं आजीने राहायचं कुठे, याला उत्तर नव्हतं.

तीनही प्लॅनमध्ये एक गंमत होती. तिन्हींचा जीव ओटीत अडकला होता. पाहुणे कुठे बसतील, गणपतीला आरतीला सगळे कसे मावतील, मोठी गाडी अंगणात लावल्यावर समोरून घर कसं दिसेल. आणि आम्ही सगळे मिळून त्या घरात राहतो वर्षाचे फार तर पंचवीस दिवस. उरलेले तीनशे चाळीस दिवस तिथे एकच माणूस राहतं. तिला कोणीच काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, "तुम्हाला पटेल ते करा."

म्हणून मी विचारायच्या भानगडीत पडले नाही. सर्व्हेइंगमध्ये शिकवतात ना, आधी रीडिंग घ्या! दिवाळीनंतर सगळे परत गेले, मी चार दिवस जास्त राहिले. एक दिवस वही घेऊन सकाळी साडेपाचपासून रात्री नऊपर्यंत आजीच्या मागे होते. ती कुठल्या खोलीत किती वेळ असते आणि उंबरा किती वेळा ओलांडते, एवढंच लिहायचं. आजीला वाटलं माझं कॉलेजचं सबमिशन आहे, त्यामुळे तिने फारच को-ऑपरेट केलं!

रीडिंग असं आलं. ओटीवर वीस मिनिटं, संध्याकाळी दिवा लावल्यावर. माजघरात दुपारची झोप आणि रात्रीची झोप. स्वयंपाकघरात सुमारे तीन तास. आणि मागच्या पडवीत साडेपाच तास! भाजी निवडणं तिथे, कोकमं वाळवणं तिथे, वहिनींशी गप्पा तिथे, पोस्टमनसुद्धा मागच्या बाजूने येतो. घराची लिव्हिंग रूम सापडली, आणि ती कोणाच्याच प्लॅनमध्ये नव्हती.

उंबरे ओलांडले एकाहत्तर वेळा. आमचा उंबरा नऊ इंच उंच आहे. एकाहत्तर गुणिले नऊ, म्हणजे ६३९ इंच, म्हणजे त्रेपन्न फूट. गुडघे दुखतात म्हणून ठाण्याच्या जिन्याला घाबरणारी आमची आजी रोज घरातल्या घरात पाच मजले चढत होती. हा आकडा मी फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिसरं रीडिंग उजेडाचं. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे दमट आणि उष्ण हवेत खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी हव्यात. माजघर अठरा बाय अकरा, म्हणजे १९८ चौरस फूट. खिडक्या हव्यात तेहतीस चौरस फुटांच्या. आहे एकच, दोन बाय दोनची. चार चौरस फूट! या खोलीत घरातल्या बायकांच्या किती पिढ्या झोपल्या, आजारी पडल्या, बाळंत झाल्या, आणि पुरुष बसायचे उजेडाच्या, वाऱ्याच्या ओटीवर. घराचा प्लॅन कोणी काढला होता हे सांगायला सही लागत नाही.

मग माझा प्लॅन, नंबर चार. भिंत एकही पाडायची नाही. कौलं तीच, फक्त कीड लागलेले वासे बदलायचे. (आजीच्या मते चूल बंद होऊन गॅस आला, धूर गेला, तेव्हापासून कीड सुरू झाली.) माजघरावरच्या पाखीत आठ काचेची कौलं बसवायची आणि तेवढ्या भागातल्या माळ्याच्या फळ्या काढायच्या, म्हणजे उजेड थेट खाली येईल. बाहेरची छोटी खिडकी मोठी करायची, वर नीट लिंटेल घालून. स्वयंपाकघराचा ओटा तीस इंच उंच, कारण आजीची उंची चार फूट दहा इंच. नेहमीचा चौतीस इंची ओटा तिच्या खांद्यांना पुरता मारतो. आतले उंबरे जमिनीला टेकवायचे. भिंतींना खालून सिमेंटचा गिलावा करायचा नाही. चिऱ्यात जमिनीतली ओल वर चढते, तिला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून चुन्याचा गिलावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, संडास-बाथरूम पाखाडीवरून उचलून पडवीला जोडून घ्यायचं.

इथे मला वाटलं आजी टाळ्या वाजवेल. तर तिनेच नकार दिला! "देवघर आहे त्या आढ्याखाली संडास? मी आहे तोवर नाही." मी स्वच्छतेचं लेक्चर दिलं, फ्लॅटमध्ये काय असतं ते सांगितलं. "फ्लॅट हे घर आहे होय?" असं म्हणून ती कोकमं उलटायला गेली.

मी रात्रभर चिडले होते. पण सकाळी विचार केला की ज्या माणसासाठी प्लॅन, त्यालाच तो नको असेल तर तिथला कमोड कोण वापरणार? ती पुन्हा पावसात पाखाडी उतरणार. मग गवंडीमामांना बोलावलं. विहीर घराच्या मागे वरच्या अंगाला आहे, त्यामुळे शोषखड्डा उताराच्या बाजूला आणि विहिरीपासून साठ फूट तरी लांब हवाच होता. त्या हिशेबाने जागा मिळाली ती घरापासून सात फुटांवर. मामा म्हणाले, मधे पत्र्याची मांडवी टाकू, खाली खरखरीत फरशी, दोन्ही बाजूंना धरायला पाईप. भिंत वेगळी, आढं वेगळं, पण पाय भिजणार नाही आणि एकही पायरी नाही. आजीने ती सात पावलं चालून बघितली. मग म्हणाली, "पाईप जरा खाली घ्या. माझा हात एवढा वर जात नाही."

माझ्या आजवरच्या सगळ्या व्हायवांमध्ये मला याहून चांगली कॉमेंट मिळालेली नाही.

बाबांनी प्लॅन मान्य केला. काकाने 'बघू' म्हटलंय, आमच्याकडे बघू म्हणजे हो. मोठं काम येत्या पावसाळ्यानंतर. काचेची कौलं मात्र स्वस्त, त्यामुळे ती शिमग्याच्या सुट्टीतच बसवून टाकली. दुपारी बाराला माजघरात उजेडाचे आठ चौकोन पडतात आणि सरकत सरकत भिंतीवर चढतात. आजीला त्यांचा एक त्रास आहे. तिथे झोपलं की डोळ्यांवर येतात. तिने खाट हलवली आहे, आणि आता त्या उजेडात तांदूळ निवडायला बसते.

मंडळी, सिव्हिलचे असा किंवा नसा, या सुट्टीत घरी गेलात की बारा रुपयांची एक वही घ्या आणि घरात जे माणूस सगळ्यांत जास्त वेळ असतं त्याच्या मागे एक दिवस फिरा. उंबरे मोजा, पायऱ्या मोजा, त्याचा हात कुठवर पोचतो ते बघा. टाईल्सचा रंग नंतर ठरवता येतो.