खाऱ्या पाण्याची पाचर

दोन मीटर लांब, एक मीटर उंच अशी वाळूची पेटी. डावीकडून गोडं पाणी आत येतं, उजवीकडे समुद्र. खारं पाणी जड, म्हणून ते तळातून पाचरीसारखं आत शिरतं आणि गोडं पाणी त्याच्यावरून समुद्राकडे निघून जातं. ही पेटी एच. आर. हेन्री यांनी १९६४ साली कागदावर मांडली आणि गणितानं सोडवली. किनाऱ्यालगतच्या भूजलाचं मॉडेल लिहिणारे आपला कोड अजूनही आधी या पेटीवर चालवून बघतात.

मीही चालवला. माझ्या पाचरीची कड हेन्रींच्यापेक्षा धारदार यायची. आठ दिवस कोड उसवला, ग्रिड बारीक केलं, काळाचे टप्पे लहान केले; कड तशीच. मग जुने शोधनिबंध शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा दिसलं की मीठ पसरण्याच्या गुणांकाचे दोन आकडे प्रचारात आहेत: एकीकडे १८.८६, दुसरीकडे ६.६. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं तर येतात ०.३५. म्हणजे त्या वाळूची सच्छिद्रता! कोणी ती गुणांकात धरली होती, कोणी बाहेर ठेवली होती. कोड बरोबर होता, मी त्याला दुसरंच गणित घातलं होतं.

पण उत्तर जुळलं म्हणून तरी काय सिद्ध होतं? २००३ साली सिम्पसन आणि क्लेमेंट यांनी पेटीच्या आतल्या प्रवाहावरचा मिठाच्या वजनाचा परिणाम काढूनच टाकला. तरीही पाचर जवळपास तशीच आली, कारण तिचा आकार मुख्यतः कडेच्या समुद्राच्या दाबानंच ठरत होता. जे तपासायचं, नेमकं तेच नसलेला कोडही पास! पुढच्या वर्षी त्यांनी गोड्या पाण्याची आवक निम्मी केली, तेव्हा कुठे फरक ठळक दिसू लागला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. नवा कोड लिहिणारे पुष्कळ. कसोटीचाच कस बघणारे थोडे.

तेव्हापासून माझा पहिला रन मोडक्या कोडचा असतो. घनतेची ती एक ओळ मुद्दाम बंद करते आणि चित्र बघते. चित्र बिघडलं नाही, तर ती कसोटी माझ्या कामाची नाही.

कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावात मला विचारलं होतं, "मॅडम, या विहिरीवर दिवसाला किती तास पंप चालवला तर पाणी मचूळ होणार नाही?" मी लगेच आकडा दिला नाही. परत आले आणि आवक निम्मी करून पेटी पुन्हा चालवायला घेतली.