मुक्या जनावराचें अवघड दुखणें

सभ्य घरांत कांहीं दुखण्यांचा उच्चार करावयाचा नसतो, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. दांत दुखला तर माणूस साऱ्या आळीस सांगत सुटतो. पण बसावयाच्या जागेचें दुखणें असलें, कीं तो तें महिनोन् महिने सोसतो आणि डॉक्टरांच्या दारीं गेला तरी अर्धेंच सांगतो. वाचा असलेल्या माणसाची ही कथा. मग कुत्र्याची काय असेल? तो बिचारा लाज बाळगीत नाहीं. सर्वांच्या देखत आपलें दुखणें ओटीवर मांडतो. लाजतों ते आपण, आणि म्हणून त्याचें सांगणें आपल्या कानीं पोंचत नाहीं. विषय किंचित् अवघड आहे. परंतु ज्यांच्या दारीं कुत्रा आहे अशा प्रत्येक कुटुंबास तो उपयोगी पडेल, म्हणून संकोच सोडून लिहीत आहों.

आमचें घर पालीचें. रत्नागिरीहून कोल्हापुराकडे जातांना हातखंब्यापुढें लागणारें, लक्ष्मी-पल्लीनाथाच्या देवळाचें हें गांव. घरांत लहानमोठीं बारा माणसें आणि तेरावा मोत्या. मोत्या जातीचा गांवठी, वयानें सहा वर्षांचा, आणि स्वभावानें इतका शांत कीं अंगणांतल्या मांजरानेंहि त्याच्या पाठीवर डुलकी घ्यावी. एका आषाढांत त्यानें एक नवीच खोड आरंभिली. मागचे दोन्ही पाय पुढें ताणावयाचे, बूड जमिनीस टेंकावयाचें आणि पुढच्या पायांनीं स्वतःस ओढीत ओटीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जावयाचें! मुलांना ती मोठीच करमणूक झाली. ‘मोत्याची गाडी सुटली’ म्हणून तीं टाळ्या पिटूं लागलीं. वहिनींस मात्र सारवलेली ओटी विटाळल्याचा संताप येई. काकांनीं निदान केलें, “जंत झाले असतील.” शेजारच्या अण्णांनीं तें उष्णतेवर ढकललें व घासलेटाचा बोळा लावण्याचा उपाय सांगितला. सुदैवानें तो कोणीं मनावर घेतला नाहीं.

पुढें मोत्या अंग चोरूं लागला, वळून वळून शेंपटीच्या मुळाशीं चाटूं लागला, आणि त्याच्या अंगास सडक्या मासळीसारखा दर्प येऊं लागला. एके सायंकाळीं धाकट्यानें लाडानें त्याच्या शेंपटीवर हात फिरविला, तोंच मोत्या गुरगुरून त्याच्या अंगावर धावला. दांत लागला नव्हता, ओरखडाहि नव्हता, आणि मोत्यास दरसाल पिसाळरोगाची लस दिलेली होती; तरी घर हादरलें. ज्या घरांत चार लहान मुलें वावरतात, तेथें असें जनावर कसें ठेवावें, हा प्रश्न कांहीं खोटा नव्हता. उद्यां त्याला दूर कोठें तरी सोडून यावें, असें जवळ जवळ ठरलेंच.

तेव्हां आजी माजघरांतून बाहेर आली. महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञांत शिरलेल्या तिच्या पिलानें कशास तोंड लावलें नव्हतें, हविर्भागाकडे पाहिलेंहि नव्हतें; तरी राजाच्या भावांनीं त्याला बडविलें, आणि अपराधावांचून मारलेंत म्हणून त्या देवशुनीनें भर यज्ञांत राजास शाप दिला. आजीनें ती कथा दोन वाक्यांत सांगितली व म्हणाली, “सहा वर्षांत ज्यानें कुणावर दांत विचकला नाहीं, तो आज दुखल्याखेरीज का असें करील? आधीं डॉक्टरांना दाखवा, मग काय तें ठरवा.” तिच्या शब्दापुढें कोणाचें चाललें नाहीं.

जनावरांच्या डॉक्टरांनीं शेंपूट उचलून पाहिलें मात्र, आणि सारा उलगडा झाला. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन बाजूंस, किंचित् खालच्या अंगास, घड्याळांतील चार व आठ या आंकड्यांच्या जागीं, कातडीच्या आंत एकेक लहान पिशवी असते. तींत उग्र वासाचा पातळसर स्राव सांठतो. कुत्रीं एकमेकांस भेटतांच मागें जाऊन हुंगतात, त्याचें एक कारण हेंच. हा वास म्हणजे त्यांची ओळखचिठ्ठी. अमेरिकेंतील स्कंक नांवाचा प्राणी शत्रूवर दुर्गंधाची पिचकारी उडवितो, ती अशाच पिशव्यांतून. कुत्र्याचा मल घट्ट असला म्हणजे बाहेर पडतांना तो या पिशव्यांवर दाब देतो व त्या आपोआप रिकाम्या होतात. मल वारंवार पातळ झाला, अंगावर चरबी वाढली, किंवा कातडीच्या विकारानें ती जागा सुजली, तर हें काम बिघडतें. स्राव सांठून घट्ट होतो, बारीक नळी बुजते, जंतूंचा शिरकाव होतो आणि शेवटीं गळूं होऊन फुटतें. मोत्याच्या उजव्या बाजूस तेंच होऊं घातलें होतें. अशा ठिकाणीं मायेचा हात लागला, तरी तो निखाऱ्यासारखा वाटणार.

डॉक्टरांनीं भूल देऊन गळवाचा निचरा केला, पिशवी धुतली, जंतुनाशक औषध दिलें आणि जखम चाटूं नये म्हणून गळ्याभोंवतीं नरसाळ्यासारखी पट्टी बांधली. कोमट पाण्याच्या फडक्यानें शेकण्याचें काम आजीनें आपणांकडे घेतलें. दहा-बारा दिवसांत मोत्या पूर्ववत् झाला, आणि धाकट्याच्या पायांशीं पुन्हां निजूं लागला. त्याला सोडून देण्याची गोष्ट त्यानंतर कोणीं काढली नाहीं.

या निमित्तानें जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवितों. कुत्रा क्वचित् एकदां बूड घासील, तर घाबरण्याचें कारण नाहीं. पण तो वारंवार घासूं लागला, चाटूं लागला, बसतांना कण्हूं लागला, किंवा त्या जागीं सूज, रक्त वा पू दिसला, तर विलंब करूं नये. जंतांची शंका अगदींच निराधार नव्हे. एका जातीच्या पट्टकृमीचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेंपटीखालीं चिकटलेले दिसतात व त्यांनीं खाज सुटते. हा कृमि पिसवेच्या द्वारें पोटांत जातो; म्हणून नुसतें जंताचें औषध पुरत नाहीं, पिसवांचाहि बंदोबस्त करावा लागतो. घासलेट, चुना, मिरची असले उपाय म्हणजे जखमेवर जखम होय. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याहि देऊं नयेत. त्यांपैकीं कांहीं कुत्र्यास विषासमान आहेत. पिशव्या पिळून रिकाम्या करण्याची युक्ति आहे खरी, पण ती डॉक्टरांकडून शिकल्यावांचून करूं नये. आणि कांहीं त्रास नसतां उगीच पिळण्यानें तर अपायच होतो. दुखणें पुन्हां पुन्हां उलटलें, तर शस्त्रक्रियेनें त्या पिशव्या काढतां येतात. परंतु तेथील स्नायूंस धक्का लागला तर मलावरचा ताबा जाण्याचा संभव असल्यामुळें तो उपाय शेवटचा. वयस्क कुत्र्यास त्या जागीं कठीण गांठ लागली, तर ती अर्बुदाची नाहीं ना, हें तपासून घ्यावें.

राहतां राहिली आहाराची गोष्ट, आणि ती एकत्र कुटुंबांत सर्वांत कठीण! आपल्या घरांत कुत्र्याचें पोट हें साऱ्यांच्या मायेचें एकच ठिकाण. आजी दूधपोळी घालते, मुलें बिस्किटें देतात, पंक्तीनंतर आमटीभात जातो, आणि प्रत्येकास वाटतें कीं आपणच काय तें दिलें. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस दूध पचत नाहीं व मल पातळ होतो. कांदा-लसूण तर त्यांच्या रक्तास अपायकारक. आतां आमच्या घरीं त्याचें खाणें एकाच माणसाकडे, दोनच वेळां, ठरल्या मापाचें असतें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांत उकडलेला लाल भोपळा घालतों, म्हणजे मलास बांधा येतो. रोजचें फिरणें चुकवीत नाहीं.

मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय 1886 सालीं निघालें. म्हणजे या विद्येस आपल्या प्रांतांत येऊन शंभरांवर वर्षें लोटलीं. तरीहि जनावराच्या अशा दुखण्यास आपण खोड, विटाळ किंवा माज अशीं नांवें देतों, आणि औषधाऐवजीं काठी शोधतों. ज्याला बोलतां येत नाहीं, त्याचें वागणें हीच त्याची भाषा. ती भाषा घरांतील एकानें तरी वाचावयास शिकावी. तेवढ्यानें दारच्या मुक्या जिवाचे पुष्कळ हाल टळतील.