मोजमाप आणि उमेद

मराठी भाषेत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनी योजिला जातो. मनुष्याच्या अंगचे कौशल्य किंवा चांगुलपणा तो गुण. आणि परीक्षेच्या कागदावर तांबड्या शाईने लिहिलेला आकडा तोही गुणच. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे विद्यार्थ्याची उमेद खचते आणि दोहोंचा योग्य मेळ बसला म्हणजे तीच उमेद दुणावते, असे आम्हांस वीस वर्षांच्या अध्यापनात वारंवार दिसून आले आहे. हा मेळ कसा बसवावा याचा एक उत्तम पाठ आम्हांस अमेरिकेतील शाळांतून खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलमध्ये सापडला. तो आमच्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणावा. मैदानावर चार टप्पे चौकोनात मांडलेले असतात. त्यांस बेस म्हणतात. एका बेसपासून दुसरा बरोबर ९० फुटांवर. चेंडू टाकणारा पिचर फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर उभा राहतो. फलंदाजाच्या पाठीशी बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. या खेळाइतका आकड्यांचा सोस दुसऱ्या क्वचितच एखाद्या खेळास असेल. परंतु सर्वच आकडे न्यायी असतात असे नाही. फलंदाजाची सरासरी पाहा. १९४१ साली टेड विल्यम्स या विख्यात खेळाडूची सरासरी ०.४०६ होती आणि ती आजही अलौकिक गणली जाते. म्हणजे दर दहा प्रयत्नांत सुमारे सहा वेळा अपयश! त्यातही सणसणीत मारलेला चेंडू नेमका एखाद्याच्या हातात गेला तर फलंदाज बाद. आणि बॅटीच्या कडेला लागून भलतीकडे पडलेला चेंडू मात्र त्याच्या खाती जमा. सोळा वर्षांच्या मुलास अशा आकड्याने प्रोत्साहन कसे मिळावे?

म्हणून तेथील विचारी क्रीडाशिक्षक नशिबावर अवलंबून असलेले आकडे बाजूस ठेवतात आणि मुलाच्या हाती असलेल्या गोष्टी मोजतात. फटका मारल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंत किती वेळ लागला, हे स्टॉपवॉचवर पाहतात. व्यावसायिक खेळाडूंस यास सुमारे ४.३ सेकंद लागतात. साठ यार्डांची धाव मोजतात. पिचरने टाकलेल्या चेंडूंपैकी शेकडा किती चेंडू योग्य टप्प्यात पडले, हे लिहून ठेवतात. फलंदाजाने चेंडू जोरकस मारला काय, पिचरला पुष्कळ चेंडू टाकावयास लावले काय, स्वतः बाद होऊनही सोबत्यास पुढच्या बेसवर पोचविले काय, याची नोंद करितात. हंगामाच्या आरंभी एकदा आणि पुढे काही आठवड्यांच्या अंतराने हीच मोजणी पुन्हा होते. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा स्वतःचाच मागचा आकडा लिहिलेला असतो.

याचा परिणाम आमच्या घरातच आम्हांस पाहावयास मिळाला. आमचे एक मामेबंधू न्यू जर्सीत राहतात. त्यांचा मुलगा तेथील हायस्कुलात कॅचर. पहिल्या वर्षी त्यास मुख्य संघात घेतले नाही, तेव्हा त्याने खेळ सोडण्याचा निश्चय केला. घरची मंडळी म्हणत, "पोरगा आळशी आहे, मन लावीत नाही." त्याच्या शिक्षकांनी मात्र त्यास एक कागद दिला. पिचरचा चेंडू हातमोज्यात आल्यापासून कॅचरने तो दुसऱ्या बेसवरील गड्याच्या हातात पोचवीपर्यंतचा वेळ त्यावर लिहिला होता: २.४ सेकंद. हे अंतर १२७ फुटांहून थोडे अधिक आहे; व्यावसायिक कॅचर ते काम सुमारे दोन सेकंदांत करतो. शिक्षकांनी त्या वेळेचे दोन भाग पाडून दाखविले. चेंडूच्या प्रवासास १.४ सेकंद लागत होते. उरलेला एक संपूर्ण सेकंद चेंडू हातमोज्यातून काढून हाती घेण्यात जात होता. दोष हाताच्या जोरात नव्हता, आळसात तर नव्हताच. तो बोटांच्या एका सवयीत होता.

मग तो मुलगा रोज संध्याकाळी घराच्या भिंतीपुढे बसून चेंडू मोज्यातून काढण्याचाच सराव करू लागला. हंगाम संपण्याच्या सुमारास आकडा २.२ वर आला. मुख्य संघात त्यास कायमची जागा अद्याप मिळालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याने खेळ सोडला नाही. आणि गेल्या नाताळात तो इकडे आला तेव्हा त्याने आपण होऊन आम्हांस ती वही दाखविली. 'आळशी' या शब्दावर कोणासही सराव करिता येत नाही. दोन दशांश सेकंदांवर मात्र करिता येतो.

मोजमापाने न्यायही होतो. ब्रँच रिकी हे ब्रुकलिन डॉजर्स संघाचे चालक मोजणीचे मोठे पुरस्कर्ते होते. पिचरास योग्य टप्पा दिसावा म्हणून ते दोऱ्या ताणून चौकट बांधीत. १९४७ साली त्यांनी ॲलन रॉथ नामक आकडेतज्ज्ञास संघाच्या सेवेत घेतले. त्याच वर्षी रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूस मैदानात उतरविले. तोवर अर्धशतकाहून अधिक काळ तेथील प्रमुख संघांची दारे कृष्णवर्णीयांस बंद होती. प्रेक्षकांतील कित्येकांनी रॉबिन्सन यांस शिव्याशाप दिले. पण वर्षाअखेर २९ बेस चोरल्याची नोंद आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मान त्यांच्याच नावे लागला. आकड्यास कातडीचा रंग दिसत नाही. मात्र फूटपट्टी सर्वांस सारखी लावावयाची, असे माणसाने आधी ठरवावे लागते; ते काम आकडा करीत नाही.

मोजण्याचा हव्यास घातकही होतो. १९७४ साली डॅनी लिटव्हायलर या महाविद्यालयीन प्रशिक्षकांनी चेंडूचा वेग मोजण्यास पोलिसांकडील रडार यंत्र आणविले. त्याच वर्षी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा तुटलेला अस्थिबंध शस्त्रक्रियेने जोडला. दोन गोष्टींचा त्या वेळी संबंध नव्हता. परंतु पुढे वेगाच्या मागे लागून कोवळ्या मुलांचीही कोपरे त्याच शस्त्रक्रियेखाली येऊ लागली. अखेर २०१७ सालापासून तेथील शालेय सामन्यांत पिचरने किती चेंडू टाकावे यावर मर्यादा घालण्याचा नियम झाला. म्हणजे वेगाच्या आकड्याने केलेली इजा आवरण्यासही मोजणीच उपयोगी पडली! आपल्याकडील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंनी २००८ साली चेंडू वेगाने टाकण्याच्या एका स्पर्धेत नाव मिळविले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या संघाशी त्यांचा करार झाला. भारतीयांस हा मान प्रथमच मिळाला. तथापि सर्वोच्च श्रेणीच्या सामन्यांपर्यंत दोघेही पोचू शकले नाहीत. वेगाच्या आकड्याने दार उघडते. आत चालावयास इतर पुष्कळ काही शिकावे लागते.

या सर्वांवरून आम्ही तीन नियम काढिले आहेत. जे मुलाच्या प्रयत्नाने बदलू शकते तेच मोजावे. तुलना प्रथम त्याच्या स्वतःशी करावी. आणि आकडा सांगताना त्याबरोबर पुढचा उपायही सांगावा. उपायावाचून आकडा म्हणजे औषधावाचून रोगाचे नाव. गणितात ३५ गुण मिळाले, एवढेच ऐकून मुलगा घरी जातो तेव्हा त्याच्या हाती काहीच लागत नाही. अपूर्णांकांची दहापैकी चार उदाहरणे बरोबर आली, आणि चुकलेल्या सहांत छेद समान करण्याचीच चूक आहे, असे कळले म्हणजे त्याच्या संध्याकाळीस काम मिळते.

आमच्या क्रीडाशाळेत आता अशी एक वही ठेवली आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याची व विद्यार्थिनीची ५० मीटरची धाव, लांब उडी व चेंडूफेक मोजली जाईल; नोव्हेंबरात व फेब्रुवारीत पुन्हा. वहीत अनुक्रमांकाचा रकाना मुद्दामच आखलेला नाही. पालकांनी सही करण्यापूर्वी दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावे आणि मुलांस त्यांविषयी विचारावे, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.